वेशीवरची तपासणी

ट्रान्सजेंडर स्त्रियांनी महिलांच्या स्पर्धांत उतरावे की नाही, हा वाद अगदी आजचा आहे असे आपण धरून चालतो. जलतरणपटू लिया थॉमस, भारोत्तोलक लॉरेल हबर्ड ही नावे गेल्या काही वर्षांतली, म्हणून भांडणही तेवढ्याच वयाचे वाटते. पण या वादात जी हत्यारे उपसली जातात, म्हणजे डॉक्टरचा दाखला, गालाच्या आतून घेतलेल्या पेशी, रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा आकडा, ती सगळी जुनी आहेत. त्यातले जवळजवळ प्रत्येक हत्यार एकदा वापरून, माणसे जायबंदी करून, नंतर खाली ठेवलेले आहे. जवळपास नव्वद वर्षे क्रीडा संघटना महिला गटाच्या वेशीवर तपासणी करत आल्या. ती कुणाला अडवण्यासाठी बसवली होती आणि तिच्यात अडकले कोण, हे न पाहता आजचे नियम करणे मला धोक्याचे वाटते. महिलांचा वेगळा गट हवाच, आणि वेगळा गट म्हटला की त्याला सीमाही आली. मात्र ही सीमा निसर्गाने आधीच आखून ठेवली आहे आणि प्रयोगशाळेने ती फक्त शोधून द्यायची आहे, या समजुतीने आजवर सर्वांत जास्त नुकसान केले आहे. ती माणसांनी ठरवलेली असते. म्हणून ती पुराव्याने, उघडपणे आणि ठरवणाऱ्यांनी जबाबदारी घेऊन ठरवली गेली पाहिजे.

मुळात हा गट कुणी दान म्हणून दिलेला नाही. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांचा स्त्रियांच्या सहभागालाच विरोध होता. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना धावू-फेकू देत नाहीत म्हणून फ्रान्सच्या आलिस मिलिया यांनी 1921 मध्ये स्त्रियांची आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना उभी केली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये स्त्रियांचे स्वतंत्र सामने भरवले. ते इतके गाजले की 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी अ‍ॅथलेटिक्सचे मोजके प्रकार घ्यावेच लागले. तिथे 800 मीटरच्या शर्यतीनंतर काही धावपटू दमून खाली बसल्या. वृत्तपत्रांनी त्याचे तिखटमीठ लावून वर्णन केले आणि ही शर्यत स्त्रियांच्या कार्यक्रमातून काढली गेली, ती 1960 च्या रोमपर्यंत. स्त्रीच्या शरीराला काय झेपते हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, असे मानणारी मंडळी या खेळाच्या जन्मापासूनच दाराशी उभी होती. पुढची सगळी कथा या मंडळींच्या हातून घडली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्यांच्या भीतीला 1930 च्या दशकात चेहरे मिळाले. चेकोस्लोव्हाकियाच्या झ्देनेक कोउबेकने 1934 च्या लंडनमधील महिला जागतिक सामन्यांत 800 मीटर जिंकली, आणि दीड-दोन वर्षांत आपण यापुढे पुरुष म्हणून जगणार असल्याचे जाहीर केले. ब्रिटनचा गोळाफेकपटू मार्क वेस्टन यानेही 1936 मध्ये तेच केले. दोघांनीही स्पर्धा सोडून दिली होती आणि महिला गटात राहू द्या असे कुणी म्हणत नव्हते. तरीही विल्हेल्म क्नोल या नाझी विचारांच्या क्रीडावैद्यकाने स्त्री-खेळाडूंच्या तपासणीची मागणी लावून धरली, आणि बर्लिन ऑलिंपिकच्याच वेळी भरलेल्या अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या अधिवेशनात नियम झाला, की एखाद्या स्पर्धकाबद्दल तक्रार आल्यास तिची शारीरिक तपासणी करता येईल. मिलिया यांची संघटना याच वर्षी मोडली आणि महिला अ‍ॅथलेटिक्सचा कारभार पुरुषांच्या महासंघाकडे गेला, हा योगायोग मला बोलका वाटतो. त्याच बर्लिनमध्ये 100 मीटर जिंकणाऱ्या अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सवर ती पुरुष असल्याचा आरोप झाला. तिची तपासणी झाल्याचे आणि ती स्त्रीच असल्याचे सांगण्यात आले. तिच्या मागे दुसरी आलेली पोलंडची स्टेला वॉल्श 1980 मध्ये क्लीव्हलँडमध्ये लुटारूंच्या गोळीला बळी पडली, तेव्हा शवविच्छेदनात तिचे शरीर आंतरलिंगी, म्हणजे स्त्री-पुरुष दोन्हींची काही लक्षणे असलेले, असल्याचे उघड झाले. संशय घेतला एकीवर आणि वेगळेपण निघाले दुसरीत. त्या दुसरीलाही आयुष्यभर सर्वांनी स्त्री म्हणूनच ओळखले होते.

'वेषांतर केलेला पुरुष' म्हणून ज्याचे उदाहरण अजूनही दिले जाते, त्या डोरा रातयेनची गोष्ट तर मुळापासून वाचायला हवी. बर्लिनमध्ये उंच उडीत चौथी आलेली ही जर्मन खेळाडू 1938 मध्ये युरोपीय विजेती झाली. व्हिएन्नाहून परतताना रेल्वेत कुणाला तरी संशय आला आणि माग्देबुर्ग स्थानकावर पोलिसांनी तिला उतरवून घेतले. रातयेनने पुरुष असल्याचे कबूल केले, पदक परत दिले आणि पुढे हाइनरिख या नावाने आयुष्य काढले. नाझींनी पदकासाठी पुरुषाला झगा घालून पाठवले, अशी कहाणी नंतर पसरली आणि पुस्तकांत, चित्रपटात रुळली. 2009 मध्ये 'डेर श्पीगल' या साप्ताहिकाने त्या वेळचे पोलिसी कागद पाहिले. जन्माच्या वेळी जननेंद्रियांची ठेवण अस्पष्ट होती, सुईणीने आधी मुलगा म्हटले आणि मग मुलगी, आणि आईबापांनी मुलगी म्हणून वाढवले, असे त्यांतून निघाले. फसवणुकीचा खटलाही चालला नाही, कारण फसवण्याचा हेतूच सापडला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्त्री-खेळाडूंकडून डॉक्टरचा दाखला मागितला जाऊ लागला. 1950 मध्ये नेदरलँड्सच्या फूक्ये दिलेमावर तिच्या संघटनेने आजन्म बंदी घातली आणि 200 मीटरचा तिचा राष्ट्रीय विक्रम नोंदवहीतून पुसला. 2007 मध्ये ती वारली. त्यानंतर तिच्या कपड्यांवरच्या पेशी तपासल्या, तेव्हा तिच्या शरीरात दोन्ही प्रकारच्या गुणसूत्रांच्या पेशी मिसळलेल्या असल्याचे दिसले. शीतयुद्धाच्या काळात देशोदेशीच्या दाखल्यांवरचा विश्वास उडाला आणि संघटनांनी तपासणी आपल्या हातात घेतली. 1966 मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्रियांना डॉक्टरांच्या पथकासमोरून विवस्त्र चालावे लागले. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुल सामन्यांत तर हाताने अंतर्गत तपासणी झाली. पोलंडची धावपटू एवा क्लोबुकोव्स्का बुडापेस्टची तपासणी पार करून आली होती. वर्षभरात कीव्हमध्ये नवी गुणसूत्र चाचणी आली, त्यात ती नापास ठरली आणि तिचे विक्रम रद्द झाले. शरीर तेच होते, फक्त तपासणीची पद्धत बदलली होती. लिंग ओळखण्याची एकच वैज्ञानिक खूण आपल्या हाती आहे, असे ज्यांनी तेव्हा ठासून सांगितले, त्यांना हे एकच प्रकरण पुरेसे उत्तर होते. कुणी ते ऐकले नाही.

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालाच्या आतल्या भागावरून काडी फिरवून पेशी घेण्याची चाचणी आली, आणि विवस्त्र फेरीच्या मानाने ती सभ्य वाटली. कॅनडातील मरे बार यांना 1949 मध्ये मांजरीच्या मज्जापेशींत केंद्रकाच्या कडेला एक गडद ठिपका दिसला होता. दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय झालेल्या एकाचा तो ठिपका असतो. पेशीत ठिपका असला तर स्पर्धक स्त्री, नसला तर अपात्र, इतका हा हिशेब सरळ होता. मात्र एकच एक्स गुणसूत्र घेऊन जन्मलेल्या स्त्रीच्या पेशीत हा ठिपका नसतो, आणि दोन एक्स व एक वाय असलेल्या पुरुषाच्या पेशीत तो असतो. म्हणजे जिला खेळू द्यायला हवे तिला ही चाचणी अडवणार आणि ज्याला अडवायचे त्याला आत सोडणार. फिनलंडचे आनुवंशिकीतज्ज्ञ अल्बर्ट द ला शापेल 1980 च्या दशकात हे पोटतिडकीने सांगत राहिले, तरी चाचणी चालूच राहिली. उत्तीर्ण झालेलीला स्त्रीत्वाचे प्रमाणपत्र मिळे आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेत ते जवळ बाळगावे लागे. 1976 मध्ये माँट्रियलला घोडेस्वारीसाठी आलेल्या ब्रिटिश राजकन्या अ‍ॅन यांना मात्र ही चाचणी द्यावी लागली नाही.

स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो 1985 मध्ये जपानमधल्या कोबे शहरी विद्यापीठ सामन्यांसाठी गेली, तेव्हा 1983 मध्ये हेलसिंकीत मिळालेले प्रमाणपत्र घरीच विसरली. एवढ्या कारणाने तिची पुन्हा चाचणी झाली. निकालात घोळ आहे, तेव्हा पाय दुखावल्याचे नाटक कर आणि शर्यतीतून माघार घे, असे तिला सांगण्यात आले. जी शर्यत धावायला ती आली होती, ती तिने प्रेक्षकांत बसून पाहिली. दोन महिन्यांनी पत्र आले की तिची गुणसूत्रे एक्स-वाय आहेत. पुढच्या जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेआधी पुन्हा तोच सल्ला मिळाला, दुखापत सांग आणि गप्प बस. तिने ऐकले नाही. ती धावली, 60 मीटर अडथळ्यांत पहिली आली आणि तिचा वैद्यकीय अहवाल वृत्तपत्रांत फुटला. शिष्यवृत्ती गेली, निवासाची जागा गेली, विक्रम गेले, ठरलेले लग्नही मोडले. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन होते, पण त्याला प्रतिसाद देण्याची क्षमता पेशींमध्ये नव्हती, म्हणजे स्नायूंना त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. उलट इतर स्त्रियांच्या शरीराला थोड्याशा टेस्टोस्टेरॉनचा जो आधार मिळतो, तोही तिला नव्हता. शास्त्रज्ञांना हाताशी धरून ती लढली आणि 1988 मध्ये तिला परत घेतले गेले. पण ऐन उमेदीची वर्षे निघून गेली होती. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकची पात्रता सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने हुकली.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3,387 स्त्रियांची चाचणी झाली आणि आठ जणींत वाय गुणसूत्राशी निगडित जनुक सापडले. पुढील तपासणीनंतर आठही जणींना खेळू दिले, आणि 1999 मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी बंद केली. तीस वर्षांच्या या तपासणीत स्त्रीचा वेष घेतलेला एकही पुरुष पकडला गेला नाही. यावर आक्षेप घेतला जातो की पहारा होता म्हणूनच चोर फिरकले नाहीत. सोव्हिएत संघाच्या अ‍ॅथलीट प्रेस भगिनी 1966 च्या सुमारास स्पर्धांतून दिसेनाशा झाल्या, याचा दाखला त्यासाठी देतात. तो फार लंगडा आहे. न झालेल्या तपासणीवरून कुणाचे लिंग सिद्ध होत नाही, आणि स्पर्धा सोडण्याची कारणे अनेक असतात. शिवाय पहाऱ्याच्या धाकाने काय टळले हे मोजता येत नसले, तरी त्याची किंमत कुणी दिली हे मोजता येते. ती दिलेमाने, क्लोबुकोव्स्काने, पातिन्योने दिली.

सरसकट चाचणी थांबली तरी संशयावरून तपासणी चालू राहिली, आणि आता संशय घेताना आशिया-आफ्रिकेच्या गरीब मुलींकडे बोट जाऊ लागले. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची मुलगी शांती सौंदराजन 2006 च्या दोहा आशियाई सामन्यांत 800 मीटरमध्ये दुसरी आली. लगोलग तिची तपासणी झाली, पदक काढून घेतले आणि तिच्या शरीराची चर्चा दूरचित्रवाणीवर रंगली. तिने जीव देण्याचा प्रयत्न केला, आणि पुढे काही काळ वीटभट्टीवरच मजुरी केली. आपल्या देशाच्या क्रीडा प्रशासनाने तेव्हा तिच्यामागे उभे राहायला हवे होते. ते राहिले नाही, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. 2009 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेच्या अठरा वर्षांच्या कॅस्टर सेमेन्याने 800 मीटर 1:55.45 मध्ये जिंकली, आणि तिच्या तपासणीची बातमी अंतिम शर्यतीच्या काही तास आधीच फुटली. त्यानंतर 2011 मध्ये टेस्टोस्टेरॉनच्या पातळीचा नियम आला. त्याचे टोक कुठवर गेले ते 2013 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच लिहिले. विकसनशील देशांतल्या, 18 ते 21 वर्षांच्या चार खेळाडू मुलींच्या आतल्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्या आणि शिश्निकेचा भागही कापला. ग्रंथी तशाच ठेवल्या असत्या तरी तब्येतीला धोका नव्हता, असेही त्याच लेखात होते. त्या मुलींना पुन्हा धावायचे होते, आणि त्यासाठी त्यांच्यापुढे हा मार्ग ठेवला गेला.

या नियमाला पहिला मोठा धक्का ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातील विणकराच्या मुलीने दिला. 2014 मध्ये ग्लासगो राष्ट्रकुल सामन्यांच्या तोंडावर द्युती चंदला संघातून वगळले, तेव्हा औषध घेऊन शरीर बदलण्यास तिने नकार दिला आणि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. या वेळी भारतीय क्रीडा प्राधिकरण तिच्या पाठीशी होते. जुलै 2015 मध्ये लवादाने नियम स्थगित केला. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे या खेळाडूंना नेमका किती फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा महासंघाने दिलेला नाही, हे त्याचे कारण. सिद्ध करण्याचा भार संघटनेवर आहे, खेळाडूवर नाही, हे तत्त्व तिथे प्रथम स्पष्टपणे उमटले. 2018 मध्ये महासंघ 400 मीटर ते एक मैल या शर्यतींपुरता नवा नियम घेऊन आला. सेमेन्याने त्याला आव्हान दिले. 2019 मध्ये तिच्याविरुद्ध निकाल देताना लवादाने हा नियम भेदभाव करणारा आहे हे मान्य केले, तरी तो आवश्यक आणि प्रमाणात असल्याचे दोन विरुद्ध एक मतांनी ठरवले. या नियमाला आधार असलेला अभ्यास केवळ प्राथमिक स्वरूपाचा होता, असा खुलासा त्याच्या लेखकांनी 2021 मध्ये केला.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हा सगळा इतिहास आंतरलिंगी स्त्रियांचा आहे, ट्रान्सजेंडर स्त्रियांचा नाही. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली शांती आणि पुरुषी पौगंडावस्थेतून गेल्यानंतर लिंगबदल केलेली खेळाडू यांना एका पारड्यात कसे टाकायचे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा तो आधारच आहे. दोन प्रश्न वेगळे आहेत, तेव्हा त्यांची उत्तरेही वेगळी शोधायला हवीत. पुरुषांचा 800 मीटरचा विक्रम 1:40.91 आणि स्त्रियांचा 1:53.28 आहे, म्हणजे बारा टक्क्यांचे अंतर. ते मुख्यत्वे पौगंडावस्थेतल्या टेस्टोस्टेरॉनने पडते: उंची, हाडांची लांबी, स्नायू, हृदय-फुप्फुसांचा आकार. नंतर हार्मोन दाबले तर रक्तातले हिमोग्लोबिन काही महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते, पण स्नायूंची ताकद वर्षभरात सुमारे पाच टक्केच घटते, असे 2021 मधील एका आढाव्यात दिसले. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवरच्या अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर काढण्यातला फरक मिटला, पण दीड मैलाच्या धावेत ट्रान्सजेंडर स्त्रिया अजून 12 टक्क्यांनी पुढे होत्या. हे अभ्यास उच्च दर्जाच्या खेळाडूंवर झालेले नाहीत आणि संख्याही लहान आहे, तरी ते ज्या दिशेने बोट दाखवतात ती दिशा स्पष्ट आहे.

1977 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने टेनिसपटू रने रिचर्ड्स यांना गुणसूत्र चाचणीशिवाय अमेरिकन खुल्या स्पर्धेत खेळू दिले, तेव्हा त्या 43 वर्षांच्या होत्या आणि एकेरीत पहिल्याच फेरीत हरल्या. त्यावरून काही सिद्ध होत नाही, जसे 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये 43 व्या वर्षी हबर्डचे तीनही प्रयत्न फसल्यावरून होत नाही. रिचर्ड्स यांनी स्वतःच पुढे म्हटले, की विशीत लिंगबदल करून आपण खेळायला उतरलो असतो तर समोर कुणी टिकले नसते. अशा खेळाडू मूठभर आहेत, मग एवढा गहजब कशाला, हा युक्तिवादही मला पटत नाही. अंतिम फेरीत आठच जागा असतात आणि नवव्या क्रमांकावर राहिलेल्या मुलीनेही दहा वर्षे घाम गाळलेला असतो. म्हणून जागतिक रग्बीने 2020 मध्ये, जलतरण महासंघाने 2022 मध्ये आणि अ‍ॅथलेटिक्सने मार्च 2023 मध्ये पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्यांना महिला गटातून वगळले, तो निर्णय ताकद-वेगाच्या खेळांत, सर्वोच्च पातळीवर, समर्थनीय आहे असे माझे मत आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनेही तोच नियम केला. माजी कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया हिने आपला हार्मोन उपचारांचा प्रवास जाहीरपणे मांडल्यापासून हा प्रश्न मराठी घरांतही बोलला जातो. तिच्या वाट्याला आलेली कुचेष्टा पाहता एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: नियमाने एखाद्या गटात जागा न मिळणे आणि तिच्या स्त्री असण्याचीच टर उडवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचे समर्थन पुराव्याने करता येते, दुसऱ्याचे कशानेच करता येत नाही. आणि सर्वोच्च पातळीचा हा नियम शाळेच्या मैदानावर, तालुका स्पर्धेत, हौशी क्लबात लागू करायला तर कोणताही पुरावा नाही. तिथे मुली खेळायला येतात, आणि येत राहाव्यात हेच महत्त्वाचे आहे.

1 सप्टेंबर 2025 पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने महिला गटातल्या प्रत्येक खेळाडूला आयुष्यात एकदा वाय गुणसूत्राशी निगडित जनुकाची चाचणी सक्तीची केली आणि त्याच महिन्यातल्या टोकियो जागतिक स्पर्धेत ती अमलात आली. पुन्हा गालावरून काडी फिरू लागली. एकदाच होणारी, न दुखणारी चाचणी आहे, तिला विरोध कशाला, असे विचारले जाते. काडीचा त्रास कधीच नव्हता, त्रास निकालानंतर सुरू होतो. हे जनुक असल्याचे कळले तरी ते शरीरात काम करते का, तयार झालेले टेस्टोस्टेरॉन पेशी वापरतात का, हे कळत नाही. 1990 मध्ये हे जनुक शोधणाऱ्या पथकातले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला जाहीर विरोध केला आहे. पातिन्योसारख्या स्त्रियांना नव्या नियमात सूट आहे, पण ती मिळवण्यासाठी त्यांना आणखी तपासण्यांतून जावेच लागेल. फ्रान्सच्या कायद्याला अशी चाचणी मंजूर नाही, म्हणून तिथल्या खेळाडूंना ती देशाबाहेर द्यावी लागली. त्याआधी दोनच महिने, जुलै 2025 मध्ये, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने सेमेन्याला न्याय्य सुनावणी मिळाली नसल्याचे ठरवले होते.

भारतातही हे नमुने गोळा करण्याचे काम राष्ट्रीय संघटनेच्या गळ्यात पडले आहे, आणि दोहाच्या वेळी आपण आपल्या खेळाडूला कसे वाऱ्यावर सोडले हे नोंदीत आहे. म्हणून मुलीचा नमुना घेण्याआधी काही गोष्टी लेखी ठरलेल्या हव्यात: अहवाल कोण पाहणार, तो फुटल्यास शिक्षा कुणाला, तिला तिच्या भाषेत समजावून सांगणारा डॉक्टर आणि समुपदेशक कोण, अपिलाचा खर्च कोण उचलणार, आणि निकाल प्रतिकूल आला तर तिची नोकरी, शिष्यवृत्ती व आधी मिळवलेली पदके यांचे काय होणार. राष्ट्रीय शिबिरांत दरवर्षी खेड्यापाड्यांतून पंधरा-सोळा वर्षांच्या मुली येतात. यातले एकही उत्तर तयार नसताना त्यांच्या गालावरून काडी फिरवण्याचा अधिकार कोणत्याही संघटनेला नसावा.